कोळसा कोण उगाळतं?

कोळसा उगाळावा तितका काळाच, असं आपण बेधडक म्हणतो. पण कोळसा उगाळतं कोण? सहाणेवर उगाळतात ते चंदन. कोळसा कुटतात, वस्त्रगाळ करतात आणि त्याने दात घासतात, तेही पांढरे व्हावेत म्हणून. म्हणीला हे ठाऊक नसेल असं नाही. तिला कोळशाशी देणंघेणंच नाही, तिला माणूस गाठायचा आहे. वर दिसतो तोच रंग आतपर्यंत मुरलेला असतो, एवढं ठसवायचं आहे. आपल्या ऐतिहासिक कादंबरीनेही पुष्कळदा हेच धरून चालायचं ठरवलं. १८७१ साली गुंजीकरांच्या 'मोचनगड'ने ती मराठीत आली आणि पुढे तिच्या ठरीव सामानात, भुयारं नि खलित्यांच्या जोडीला, एक पहारेकरी येऊन उभा राहिला: काळाकभिन्न, राकट, तांबारलेल्या डोळ्यांचा हबशी. नायक महिनोन्महिने उन्हातान्हात घोडा फेकतो, तरी फार तर सावळा होतो. नायिका केतकीच्या वर्णाची. हबशाला धड दोन वाक्यंही बोलायला मिळत नाहीत, कारण 'काळाकभिन्न' एवढं लिहिलं की लेखकाचं त्याच्यापुरतं काम उरकतं.

यावर कुणी म्हणेल, काळच तसा होता आणि जंजिऱ्याचा सिद्दी खरोखरच वैरी होता. वैरी होता, मान्य. पण त्या काळाचीच साक्ष काढली तर ती कादंबरीवर उलटते. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर हबशी, आणि तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर गेलेला सिद्दी हिलालही हबशीच. शिवाजी महाराजांच्या पदरच्या परमानंद कवीने 'शिवभारता'त निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर याचा पराक्रम गौरवानेच सांगितला. त्याला काळतोंड्या ठरवणारा मोगल बादशहा जहांगीर होता. भाल्यावर अंबराचं मुंडकं आणि आपण त्यावर बाण सोडतो आहोत, असं चित्र त्याने काढवून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याच्या हाती कधीच लागलं नाही. मग ही खोड मोगलाई म्हणायची की विलायती? वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीत खलनायकाचे गुलाम काळे आहेत. टीकाकारांनी ते खटकल्याचं सांगितलं, तेव्हा स्कॉटने टिपेत आपल्या एका नाटककार मित्राचा दाखला दिला. त्याच्याही नाटकात काळे पहारेकरी होते, आणि त्याचं म्हणणं असं की रंगांतला विरोध डोळ्यांत भरावा म्हणून ते काळे केले. नायिका निळी करून तेवढाच लाभ होता, तर तिलाही निळी केली असती. विलायती वाचक यावर हसला असेल. घननीळ म्हणत हात जोडणाऱ्यांना यात हसण्यासारखं काय आहे?

इथे वाटतं, आपण सुटलो. वऱ्हाडात तर जास्तच. जुन्या बोलण्यात गावाचे भाग दोन, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्ती, काळी म्हणजे शेती. पांढरीत माणसं राहतात, काळी त्यांना पोसते. अमरावती-अकोल्याचा सारा कापूसबाजार या काळीवर उभा राहिला. भेगाळलेल्या काळ्याभोर रानातून पांढरं बोंड निघतं आणि म्हण खोटी पडते. जमिनीचं मोल सांगताना 'काळीभोर' म्हणून आवाज चढतो. तोच आवाज मुलीसाठी स्थळ सांगताना 'रंगाने जरा...' म्हणून उतरतो. म्हणजे शब्दाचा दोष नाही. स्कॉटचाही सगळा नाही, कारण म्हण त्याला विचारून पडलेली नाही. कादंबरीकाराला धरावं, तर तो म्हणेल, मी अर्ध्या ओळीत लिहिलं, बाकीचा माणूस तुम्हीच पुरा केलात. यावर उत्तर सुचत नाही. तो हबशी पुस्तकातून काढून टाकावा असंही वाटत नाही. काढला तर आपण काय वाचत होतो तेही पुसलं जाईल. आणि याच वऱ्हाडात, १६२० च्या सुमारास, त्या हबशी मलिक अंबराच्या फौजा मोगलांना रेटत बाळापूरपर्यंत आल्या होत्या. सारा बांधण्याची त्याची पद्धत मराठी मुलखात त्याच्याच नावाने, 'मलिकंबरी' म्हणून ओळखली गेली.