डीव्हीडी प्लेअर घेताना: चित्र की आवाज?



आमचा जुना व्हीसीडी प्लेअर दशलक्षण पर्वाच्या बरोबर पंधरा दिवस आधी बंद पडला. दुरुस्तीवाल्याने झाकण काढलं, लेन्स गेलीय म्हणाला, आणि त्याने सांगितलेला आकडा ऐकून आम्ही नवा डीव्हीडी प्लेअरच घ्यायचं ठरवलं. तीन हजारांच्या वर जायचं नाही, हेही ठरलं.

आमच्याकडे हे यंत्र सगळ्यात जास्त वापरतात त्या माझ्या सासूबाई. आईंचं वय चौऱ्याहत्तर. सकाळी भक्तामर, दुपारी महाराजांचं प्रवचन, संध्याकाळी लवकर जेवण झालं की छहढाला. गेली दोन वर्षं त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झालाय. समोरचं मधलं सगळं धूसर, कडेचं तेवढं दिसतं. पोथी वाचणं सुटलं, तेव्हापासून स्वाध्याय कानांवरच चाललाय. त्यामुळे मी घरातच जाहीर करून टाकलं, "आवाज चांगला हवा. चित्राचं काय एवढं!"

ह्यांचं मत उलटं. दुकानात मोठ्या एलसीडीवर एक गाणं लावलेलं होतं, ते बघून हे तिथेच खिळले. दुकानदार म्हणाला, "साहेब, ह्यात एचडीएमआय आहे, अपस्केलिंग आहे. चारशे-पाचशे जास्त जातील, पण पिक्चर बघा!" चित्र खरोखरच सुरेख होतं. पण आमच्या घरी एकवीस इंची जुना टीव्ही आहे आणि त्याच्या मागे पिवळी, लाल, पांढरी अशी तीनच भोकं. मी दुकानदाराला म्हटलं, "आमच्यासारख्या टीव्हीला जोडून दाखवा."

तो जरा नाराज झाला, पण जोडून दाखवलं. महागडा आणि साधा, दोन्ही पिवळ्या वायरीवर लावले. आम्हा दोघांना फरक सांगता येईना. त्याचं कारण सोपं आहे. पिवळ्या वायरीतून चित्राचा उजेड आणि रंग एकत्र मिसळून येतात आणि टीव्ही ते परत वेगळे करतो. त्यात जे बिघडायचं ते बिघडतंच, प्लेअर कितीही भारी असू दे. कंपोनंट म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या तीन वायरींचं चित्र जास्त स्वच्छ दिसतं, पण तशी भोकं टीव्हीला हवीत. प्रोग्रेसिव्ह स्कॅन आणि एचडीएमआयचंही तेच. टीव्हीत सोय नसेल तर ते पैसे वायाच.

दुसरी गोष्ट तबकडीची. आपल्याकडे मंदिरात मिळणाऱ्या प्रवचनांच्या बऱ्याच तबकड्या तेव्हा व्हीसीडीच असायच्या. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६, म्हणजे जवळपास चौपट. जे तबकडीत नाहीच ते अपस्केलिंग कुठून आणणार? साध्या दुधाला मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून ते वाढत नाही.

मग आवाजाकडे वळले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ५.१, डॉल्बी, कोअॅक्सियल, ऑप्टिकल असं बरंच छापलेलं असतं. त्यातलं बहुतेक सहा स्पीकरच्या संचासाठी. आपण टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असू तर त्याचा उपयोग नाही, उलट एक घोटाळा होतो. चित्रपटाच्या डीव्हीडीत बोलणं बहुतेक मधल्या स्पीकरसाठी ठेवलेलं असतं. सेटिंगमध्ये सहा स्पीकर निवडलेले राहिले, तर टीव्हीवर संगीत दणदणीत आणि माणसांचं बोलणं पुसट, असं होऊ शकतं. ते 'स्टिरिओ' करून घ्यायचं. माझ्या बहिणीने या एका कारणासाठी नवा प्लेअर परत करायला काढला होता!

आम्हाला खरोखर लागणाऱ्या सोयी दोनच निघाल्या. एक, एमपीथ्री चालणं. साधारण दर्जाचं रेकॉर्डिंग असलं तर ७०० एमबीच्या एका सीडीवर जवळजवळ बारा तासांचा पाठ मावतो. आईंना दर तासाला तबकडी बदलायला हाक मारावी लागत नाही. दुसरी, जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होणं, आणि तेही वीज गेल्यावर. लोडशेडिंगमध्ये प्रवचन अर्ध्यावर तुटलं की आईंना पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागायचं. म्हणून मी घरच्या तबकड्या पिशवीत घालूनच नेल्या होत्या. एकदोन ओरखडे पडलेल्याही मुद्दाम घेतल्या. प्रवचन लावून दुकानदाराला चक्क प्लग काढायला लावला. तीन प्लेअरपैकी एकानेच जागा लक्षात ठेवली. तोच घेतला. किंमत दोन हजार आठशे.

न लागणाऱ्या सोयींना पैसे दिले नाहीत, परिग्रह टाळला, असं मनाशी म्हणत मी खुशीत घरी आले.

त्या दिवशी संध्याकाळी पहिली तबकडी लावली ती श्रवणबेळगोळच्या २००६ च्या महामस्तकाभिषेकाची. भाच्याने आणून दिलेली, जुन्या व्हीसीडी प्लेअरवर चालत नव्हती म्हणून कपाटातच पडून होती. आई १९८१ साली, मूर्तीला हजार वर्षं झाली तेव्हाच्या अभिषेकाला गेल्या होत्या. २००६ ला गुडघ्यांमुळे जाता आलं नाही. मी आवाज वाढवला आणि म्हटलं, "आई, मंत्र कसे स्वच्छ ऐकू येतात बघा."

आई उठल्या. स्टूल सरकवून टीव्हीच्या अगदी जवळ, दोन फुटांवर बसल्या आणि मान एका बाजूला वळवली. मला वाटलं कान लावतायत. तर म्हणाल्या, "अगं, आवाज कमी कर जरा. मला बघू दे की."

डोळ्यांच्या कडेने बघत होत्या त्या. दूध ओतलं तेव्हा गप्प होत्या. हळदीचा अभिषेक सुरू झाला आणि अठ्ठावन्न फुटांची मूर्ती वरून खाली पिवळी होत गेली, तेव्हा त्यांनी हात जोडले. "पिवळं दिसतंय मला," म्हणाल्या. "चेहरा नाही दिसत. पण पिवळं दिसतंय."

मी रिमोट हातात घेऊन नुसती उभी राहिले. दुकानात चार तास घालवले होते मी. वायरी तपासल्या, प्लग काढायला लावला. पण आईंना काय हवंय हे एकदाही विचारलं नव्हतं. डोळे अधू झाले म्हणजे बघायची इच्छाही संपली, हे माझं मीच ठरवून टाकलं होतं. घरात सगळ्यांसमोर "चित्राचं काय एवढं" म्हणाले, तेव्हा त्या शेजारीच बसल्या होत्या. अनेकांत पाठशाळेत मी मुलांना शिकवते. वस्तूची एकच बाजू धरून बसू नये म्हणते. आणि घरात एकाच बाजूवर अडून बसले होते.

मग ह्यांनी टीव्हीचा रंग आणि उजेड वाढवला. रिमोटवर झूमचं एक बटण आहे. दुकानात मी त्याला हसले होते, ते वापरून बघितलं. चित्र फुटतं, चौकोन दिसतात, पण मूर्तीचं मस्तक पडदाभर येतं. आईंना तेवढं पुरलं. प्लेअर बदलायची गरज पडली नाही. आमच्या टीव्हीवर महागड्यानेही याहून जास्त दाखवलं नसतं.

तेव्हा तुम्ही घ्यायला निघालात तर आधी टीव्हीची मागची बाजू बघा, आपल्या तबकड्या बरोबर न्या, आणि ज्यांच्यासाठी घेताय त्यांना विचारा. जमलं तर दुकानात घेऊनच जा.

क्षमावाणीच्या दिवशी आईंच्या पाया पडले तेव्हा या गोष्टीचं नाव घेऊन क्षमा मागितली. त्यांना आधी कळेचना मी कशाबद्दल बोलतेय. कळल्यावर हसल्या आणि म्हणाल्या, "बरं बरं, उत्तम क्षमा. आता ते हळदीचं लाव परत."