माइक हॅमर आणि कॅप्टन दीप

मिकी स्पिलेनची ‘आय, द ज्युरी’ १९४७ साली आली. त्यातला खाजगी गुप्तहेर माइक हॅमर आधी ठोसा मारतो, मग प्रश्न विचारतो. समीक्षकांनी नाकं मुरडली, पुस्तकं मात्र लाखांनी खपली. शेवटी १९९५ साली अमेरिकेतल्या रहस्यकथाकारांच्या संघटनेने स्पिलेनला ‘ग्रँड मास्टर’ म्हणून गौरवलं.

आमचा हॅमर म्हणजे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप! नाईक मूळचे आपल्या गोव्याचे. हजारावर रहस्यकथा लिहून नोव्हेंबर २०२१ मध्ये ते पुण्यात वारले. आम्ही त्या पाठ्यपुस्तकात लपवून वाचल्या... घरचे म्हणायचे, हे काय वाचन? पण एका बैठकीत पुस्तक संपवायची सवय मला त्यांनीच लावली. खांडेकर, नेमाडे पुढे आले. वाङ्मयाच्या इतिहासात मात्र नाईकांना शोधायला भिंग लागतं!

असो. वाचनालयांनी या पुस्तकांना खाकी पुठ्ठे घातले, पानं सुटेपर्यंत ती फिरवली आणि मग रद्दीत काढली. हे जपून ठेवावं, असं फारसं कुणाला वाटलं नाही. तुमच्या माळ्यावर एखादा दीप अजून पडून असेल, तर रद्दीवाल्याला देऊ नका. मी येऊन घेऊन जाईन, फाटका असला तरी.