सुईत दोरा

आमचे अण्णा शिंपी आहेत. गावच्या पेठेत पत्र्याचे छोटे दुकान, त्यात पायाने चालवायचे एक मशीन आणि भिंतीवर खडूने लिहिलेली मापे, एवढाच आमचा पसारा. वयाच्या चाळिशीत त्यांनी जत्रेतून तयार चष्मा आणला. आमच्याकडे त्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतात. ती नाकावर चढवून अण्णा एका झटक्यात सुईत दोरा ओवत. डोळ्यांविषयी कोणी काही विचारले तर त्यांचे उत्तर ठरलेले असे, “सुईत दोरा ओवता येतोय ना? मग डोळ्यांना काय धाड भरलीय?”

हे उत्तर आम्हा सर्वांना पटलेले होते. मलाही.

२०२० सालच्या टाळेबंदीत दुकान बंद होते. पण घरी बसून अण्णांनी शेकडो मास्क शिवले. कापडाचे बारीक तंतू आणि कोंदट खोली यांमुळे त्यांचे डोळे लाल झाले, खाजू लागले. मे महिन्यात डॉक्टरांनी एक थेंबांची बाटली लिहून दिली. दोन दिवसांत लाली गेली, खाज थांबली. अण्णा खूश झाले. पुन्हा दाखवायला या असे डॉक्टरांनी सांगितले होते. पण त्या दिवसांत कोण दवाखान्याची पायरी चढणार? पुढे डोळे पुन्हा खाजू लागले तेव्हा अण्णांनी रिकामी बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “तुला इंग्रजी वाचता येतं. अश्शीच आण.”

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. घरात इंग्रजी वाचणारी मी पहिलीच. औषधाच्या दुकानात जाऊन बाटलीवरचे लांबलचक नाव मी अडखळत वाचले आणि दुकानदाराने काही न विचारता नवी बाटली दिली. घरी आल्यावर अण्णांनी शेजाऱ्यांना कौतुकाने सांगितले, “पोरगी औषधाचं नाव वाचते!” त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला होता! त्यानंतर जवळजवळ पावणेचार वर्षे मी ती बाटली आणत राहिले.

या काळात काही खुणा दिसत होत्या. अण्णांच्या डाव्या हाताला ठेवलेला चहाचा पेला हमखास सांडे. दाराची चौकट खांद्याला लागे. रस्त्यात बाजूने सायकल आली की ते दचकत. आई म्हणे, “लक्ष कुठं असतं तुमचं?” आम्ही हसत असू. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा आमच्या घरातही सर्वांचे डोळे आले. मी तर अण्णांचीच बाटली बाकीच्यांच्या डोळ्यांत घालणार होते! सुदैवाने ती संपली होती.

जानेवारी २०२४ मध्ये आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने नेत्रतपासणी शिबिर घेतले, हे आपणांस आठवत असेल. मी तेव्हा प्रथम वर्षाला होते. भिंतीवरच्या तक्त्यापाशी उभे राहून छडीने अक्षरे दाखवणे हे माझे काम. त्या एका दिवसात मी जे शिकले, ते वर्गात कधी शिकले नव्हते.

एक आजी आल्या. त्यांचा मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट त्या तीन वर्षे पाहत होत्या. डॉक्टर म्हणाल्या, “आजी, तो काय आंबा आहे? आता पिकायची वाट पाहायची नसते. फार पिकला तर उलट डोळ्यावर ताण येतो.” गढूळ झालेले भिंग काढून तेथे कृत्रिम भिंग बसवतात आणि गेलेली नजर बहुधा परत येते, हे त्यांनी समजावून दिले. एका मुलाला फळ्यावरचे दिसत नाही म्हणून घरचे त्याला ‘ढ’ समजत होते. त्याला फक्त चष्मा हवा होता. ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईंच्या डोळ्यावर फूल पडले होते. पाचटाचे पान लागल्यावर त्यांनी डोळ्यात मध घातला होता. मधुमेह असलेल्या एका काकांना डॉक्टरांनी बजावले, की दिसण्यात काही फरक नसला तरी वर्षातून एकदा डोळ्याचा आतला पडदा तपासून घ्या.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा मी हट्टाने अण्णांना बोलावून आणले. त्यांनी तक्त्यावरची खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. डॉक्टरांनी त्यांना एक डोळा झाकायला सांगून समोर बघायला लावले आणि आपली बोटे बाजूने हळूहळू पुढे आणली. “दिसलं की सांगा.” मी अण्णांच्या मागेच उभी होते. मला बोटे दिसली. अण्णा गप्प. बोटे आणखी पुढे आली. अण्णा गप्पच. ती जवळजवळ नाकासमोर आली तेव्हा ते म्हणाले, “आता दिसली.”

डॉक्टरांनी विचारले, “डोळ्यात काही औषध घालता?”

अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून बाटली काढली. डॉक्टरांनी नाव वाचले. “हे कोण आणून देतं?”

अण्णा अजूनही कौतुकानेच म्हणाले, “ही. आमची कॉलेजात आहे ना.”

त्या बाटलीत स्टेरॉईड होते. पुढे जिल्ह्याच्या रुग्णालयात सगळा उलगडा झाला. आपल्या डोळ्याच्या आत पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो आणि बारीक जाळीतून झिरपून जात असतो. हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. स्टेरॉईडच्या थेंबांनी लाली, खाज लवकर जाते. पण दीर्घकाळ घातल्यास काहींच्या डोळ्यांतील ही वाट तुंबते आणि आतला दाब वाढतो. हा दाब साधारण १० ते २१ असावा लागतो. अण्णांचा उजव्या डोळ्यात ३२ आणि डाव्यात ३८ होता. वाढलेल्या दाबाने डोळ्यामागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही. नजर आधी कडेने जाते, मधली शेवटपर्यंत शाबूत राहते. म्हणून सुईत दोरा ओवता येतो आणि बाजूचा पेला दिसत नाही.

याला काचबिंदू म्हणतात. मोतीबिंदू आणि काचबिंदू, नावे सख्ख्या भावांसारखी. पण मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने मिळते, काचबिंदूने गेलेली परत मिळत नाही. उरलेली तेवढी राखायची. ते थेंब बंद झाले, दुसरे सुरू झाले. दाब आता १६-१७ वर आहे. दर तीन महिन्यांनी तपासणी. अण्णा मशीन चालवतात, मात्र सायकल सुटली ती सुटलीच.

घरी येऊन मी पत्र्याच्या पेटीतून २०२० ची ती चिठ्ठी शोधून काढली. औषधाच्या नावाखाली एक छोटी ओळ होती : आठ दिवस, नंतर दाखवणे. सोपे इंग्रजी होते. चौदाव्या वर्षीही मला ते वाचता आले असते. पण मी नाव वाचले आणि थांबले.

मी रडत अण्णांना ती ओळ दाखवली. ते म्हणाले, “मला तर नावसुद्धा वाचता येत नव्हतं. तू निदान निम्मं वाचलंस.” त्यांनी समजूत घातली, पण ते ‘निम्मं’ माझ्या मनातून जात नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिले वाचणारे आहेत. घरची औषधे, अर्ज, बिले आपल्याच हातात येतात. म्हणून सांगते, चिठ्ठी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. डोळ्यांचे औषध जुनी बाटली दाखवून आणू नका. डोळे आले तर हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा. नुसते पाहिल्याने साथ लागत नाही. डोळ्यात चुना उडाला तर आधी भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि मग तडक दवाखाना गाठा. डोळा एकाएकी फार दुखू लागला, लाल झाला, उलटी झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर सकाळची वाट पाहू नका. आणि आईवडिलांची चाळिशी आली, की नुसता चष्मा नको. डोळ्यांतला दाबही मोजून घ्या. ज्यांच्या घरात काचबिंदू आहे, त्यांनी तर नक्कीच.

रोज रात्री नऊ वाजता मी अण्णांच्या डोळ्यांत थेंब घालते. ते मान वर करून म्हणतात, “नाव वाच.” मी वाचते. “आता खालचं वाच.” मी तेही वाचते. मग ते डोळे मिटतात.