'लेस्ट'च्या पोटातला नकार

निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी सकाळचा इंग्रजी पेपर हातात पेन्सिल घेऊन वाचायची सवय काही सुटत नाही. व्हाउचर तपासावं तशी बातमी तपासतो. (आमची ही म्हणते, पगार कोण देतं याचा?) त्यात एक जुनाट शब्द हमखास भेटतो, 'लेस्ट'. बोलताना तो वापरणारा माणूस मला अख्ख्या हैदराबादेत भेटलेला नाही. पण इशारा पोलिसांचा असो की महापालिकेचा, बातमीत 'लेस्ट' आहेच. 'असं होऊ नये म्हणून' एवढं सगळं चार अक्षरांत बसतं, आणि मथळ्याला जागा नेहमीच कमी.

आमच्या पिढीला तो रेन अँड मार्टिनने शिकवला. नियम घोकून पाठ: 'लेस्ट' आला की पुढे 'शुड', आणि 'नॉट' मुळीच नाही. हे रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि 'बो जेस्ट' ही १९२४ सालची गाजलेली कादंबरी त्यांचीच.

'नॉट' का नाही? कारण नकार शब्दाच्या पोटातच आहे. 'लेस' म्हणजे कमी, त्याच घराण्यातला हा शब्द. जुन्या इंग्रजीतले तीन शब्द झिजून झिजून हा एक उरला. बाहेरून पाहणाऱ्याला त्यातला नकार दिसत नाही.

आपल्याकडे नकार कसा उघड्यावर असतो बघा. मराठीत 'पडू नये म्हणून'. हिंदीत 'कहीं ऐसा न हो'. तेलुगूतल्या 'पडकुंडा'मध्येही नकार ऐकू येतो. माझ्या वडिलांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालं, घरी मराठी आणि दप्तरात उर्दू. ते म्हणायचे, 'छत्री घे, मबादा पाऊस आला तर!' मबादा हा फारसीतून आलेला, 'न होवो' अशा अर्थाचा. 'लेस्ट'ला इतका चपखल शब्द मला दुसरा सापडलेला नाही. पण त्यातही नकाराचा 'म' अगदी पुढेच उभा! त्यामुळे आपल्या भाषेत विचार करून इंग्रजी लिहिणारा बातमीदार 'लेस्ट' लिहितो आणि सवयीने पुढे 'नॉट'ही जोडतो. दोन नकार झाले की हिशोब उलटा.

आता याने कुणाचं काय बिघडतं, असं वाटेल. बिघडतं. मागे एकदा नोव्हेंबर अखेरीला खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, फॅमिली पेन्शनवर सगळं घर. 'भावजी, हयातीचा दाखला दिला तर पेन्शन थांबणार का हो?' मी चक्रावलो. खाली गेलो तर पेपर समोर, शेजारी कॉलेजात जाणारा नातू. बातमीत होतं, दाखला द्या, 'लेस्ट पेन्शन इज नॉट स्टॉप्ड'. पोराने मोबाईलवर 'लेस्ट'चा अर्थ पाहिला आणि इमानदारीत वाक्यात बसवला: 'पेन्शन थांबणार नाही, असं होऊ नये म्हणून दाखला द्या.' म्हणजे दाखला दिला की पेन्शन बंद! पोराचं गणित अगदी बरोबर होतं. चूक छापणाऱ्याची. वहिनी मात्र दोन दिवस बँकेत जायच्याच थांबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून त्यांना घेऊन गेलो. जीवन प्रमाण २०१४ पासून आहे, अंगठा लावला की काम होतं. पण त्यांचे ठसे झिजलेले, मशीन घेईना. शेवटी कागदी फॉर्मवर सही झाली. ती तारीख चुकली असती तर डिसेंबरचे पैसे अडकले असते. दाखला दिल्यावर थकबाकीसकट मिळतात हे खरं, पण तोवर औषधांचं काय?

जुना शब्द म्हणून माझा 'लेस्ट'वर राग नाही. किपलिंगच्या १८९७ च्या 'रिसेशनल' कवितेमुळे तो युद्धस्मारकांच्या दगडांवर जाऊन बसला. किपलिंग जन्मला आपल्या मुंबईतच. दगडावर शोभतो तो. पेन्शनच्या बातमीत मात्र साधा 'अदरवाइज' लिहावा, थोडी जागा जास्त गेली तरी चालेल.

त्यानंतर दर नोव्हेंबरला सोसायटीच्या फळ्यावर मी मराठीत आणि इंग्रजीत सूचना लावतो, तेलुगू वॉचमनकडून लिहून घेतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अजून 'मबादा' म्हणणारं कुणी आहे का? असल्यास जरूर कळवा.