हाती सोपवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

‘सगळं प्रभूच्या हाती सोपव’ हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले आहे. माझा बाप्तिस्मा तान्हेपणीच झाला, पुढे शब्बाथशाळा झाली, दृढीकरण झालं. नाताळला आणि पुनरुत्थानाच्या रविवारी उपासनेला जाणं कधी चुकलं नाही. पण सोपवायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. गेल्या वर्षी बाबांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि ती वेळ आली.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस. उजाडताच रिक्षा सांगून ठेवायची, फाइल पिशवीत टाकायची, दवाखान्यात पोचल्यावर आधी वजन करायचं आणि चार तास बाहेरच्या बाकावर बसायचं. यातलं मी काय सोपवू? काळजी सोपव म्हणतात. पण पोटॅशियमचा रिपोर्ट मीच बघायचा असतो, रक्ताची तपासणी कधी करायची तेही मलाच लक्षात ठेवावं लागतं. काळजी सोडली आणि तिच्याबरोबर तारीखही निसटली तर?

मंडळीतली माणसं मायेनं भेटायला येतात, बहुतेक जण शहाळी घेऊन. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, बाबांना ते अजिबात चालत नाही. मग ती फोडून मी पाहुण्यांनाच देते. ते बाबांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि निघताना दारात म्हणतात, “देवाची इच्छा!” त्यांच्या प्रेमाबद्दल मला तिळभरही शंका नाही. पण दार लावल्यावर मी तिथेच उभी राहायचे. देवाची इच्छा म्हणजे काय? बाबांचं हे दुखणं? की ते बरे होणं? की मी रोज मोजून देते ते पाणी? एकदा एका पाहुण्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की खरा विश्वास असेल तर मशीन बंद करून पाहा, सुया टोचून घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं. त्या रात्री मला झोप लागली नाही. सोपवणं जर हेच असेल, तर ते माझ्यानं होणार नव्हतं.

गुरुवारच्या शास्त्राभ्यासाला मी जाऊ लागले ती या भीतीपोटी. तो ज्यांच्या घरी भरतो त्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो. त्यांची सगळी नोकरी मिशनच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून झाली. मी पाहुण्यांचं बोलणं सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा विसावा अध्याय उघडून माझ्यापुढे सरकवला. हिज्कीया राजा मरणाच्या दारात आहे. तो भिंतीकडे तोंड करून रडतो, प्रार्थना करतो. देव ती ऐकतो आणि त्याला आणखी पंधरा वर्षं देतो. हा निरोप आणणारा संदेष्टा यशया लगेच अंजिरांचा लेप आणून गळवावर लावायला सांगतो.

“पंधरा वर्षं देणाऱ्याला अंजीर कशाला लागलं?” मावशींनी विचारलं. मला उत्तर आलं नाही. “मलाही ठाऊक नाही. पण लावायला सांगितलं आणि त्यांनी लावलं. बाबांचं डायलिसिस एकदाही चुकवायचं नाही, कळलं का बाळ? आणि प्रार्थनाही चुकवायची नाही.”

माझी भीती त्या दिवशी बरीच उतरली, गोंधळ मात्र तसाच राहिला. देवाच्या अधिकाराखाली राहायचं म्हणजे आपण काही मागायचं नाही, मिळेल ते मुकाट्यानं घ्यायचं, असंच मी धरून चालले होते. बाबांसाठी बरं होणं मागताना मला अपराधी वाटायचं. पुढच्या गुरुवारी कफर्णहूमच्या शताधिपतीची गोष्ट वाचली. लहानपणी ती चित्रांच्या पुस्तकात पाहिली होती, आता सावकाश वाचली. हा माणूस रोमी सैन्यातला अधिकारी, यहूदी नव्हे. त्याचा चाकर घरी आजारी पडून तळमळतो आहे. तो येशूला म्हणतो, की तुम्ही माझ्या घरी येण्याचीही गरज नाही, नुसता शब्द बोला. कारण मी स्वतः दुसऱ्याच्या हुकमाखाली आहे आणि माझ्या हुकमाखाली शिपाई आहेत; हुकूम कसा चालतो ते मला माहीत आहे. येशूला त्याचं आश्चर्य वाटलं, असं मत्तय लिहितो.

मी तिथे अडकले. अधिकार म्हणजे काय हे इतकं नीट जाणणारा माणूस गप्प बसलेला नाही. तो आपल्या चाकरासाठी मागायला आला आहे. ‘दुखणं आलं, देवाची इच्छा’ असं म्हणून तो घरी थांबला नाही. येशूच्या शब्दात ताकद आहे असं त्याला वाटतं, म्हणूनच तो मागतो. अधीन असणं आणि मागणं ही दोन्ही एकाच माणसात, एकाच दमात. मग गेथशेमानेची रात्र आठवली. पुढ्यातला प्याला टळावा म्हणून येशूनं तिथे पित्याजवळ पुन्हापुन्हा मागितलं, मत्तयाच्या शुभवर्तमानात तीनदा. प्रत्येक मागण्यापाठोपाठ आपली इच्छा पित्याच्या इच्छेखाली ठेवली आणि मग उठून पकडायला आलेल्यांना सामोरा गेला. आधी मागणं आहे, तेही घाम गाळून. त्या दिवसापासून मी बाबांसाठी सरळ बरं होणंच मागते. अपराधी वाटणं थांबलं.

मार्च अखेरीला दुसराच पेच पडला. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब बघते. संध्याकाळी उशिरा साहेबांनी बिलांचा एक गठ्ठा टेबलावर ठेवला आणि त्या मागच्या तारखांना टाकायला सांगितलं. माल आलेला नव्हता, नुसती बिलं होती. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तारीख बदलायला एफ-टू एवढी एकच कळ दाबावी लागते. मी बोट कळीवर ठेवून बसले. पौलाच्या पत्रांत चाकरांनी धन्याचं ऐकावं असं आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात तर राज्यकर्त्यांचा अधिकारही देवाकडून आलेला म्हटला आहे. मग साहेबांचं ऐकणं हे देवाचं ऐकणं झालं का? आणि मन नको म्हणतं, ते मन कोणाचं? देवाचा आवाज, की माझी भित्री सवय? खरं सांगते, या दोहोंतला फरक अजूनही मला दर वेळी ओळखता येत नाही.

पण तेव्हा शताधिपती डोक्यात ताजा होता. तो आपल्या शिपायांना हुकूम देऊ शकतो, कारण तो स्वतः कोणाच्या तरी हुकमाखाली आहे. त्याचा अधिकार उसना आहे. साहेबांचाही तसाच, पाळकांचाही, सरकारचाही, घरातल्या वडीलधाऱ्यांचाही. वरच्यानं जे मना केलं ते खालचा सांगू लागला, तर तेवढ्यापुरता त्याचा हुकूम संपतो. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र न्यायसभेपुढे उभा राहून माणसांपेक्षा देवाचं ऐकणार असं सांगतो आणि फटके खातो, ते याच हिशेबानं. मी गठ्ठा घेऊन केबिनमध्ये गेले. “सर, या एंट्र्या मला करता येणार नाहीत. बाकीचं सगळं काम थांबून पूर्ण करते,” एवढंच म्हटलं. साहेब रागावले नाहीत. गठ्ठा शेजारच्या टेबलावर गेला.

मंडळीत साक्ष देणारे बहुधा शेवटी सांगतात, की देवाचं ऐकलं आणि बढती मिळाली, अडलेले पैसे सुटले. त्यांच्या साक्षी खऱ्याच असणार, त्या ऐकून मला बळही येतं. माझ्या बाबतीत तसं झालेलं नाही. महत्त्वाच्या फायली आता माझ्याकडे येत नाहीत. यंदाची पगारवाढ इतरांना मिळाली, मला नाही. डायलिसिसचा खर्च सरकारी योजनेत बसतो, पण इंजेक्शनं आहेत, रिक्षा आहे, महिना पुरवावा लागतो. हे मी कुठल्या खात्यात मांडू? मावशी म्हणाल्या, “खात्यात मांडू नकोस. देवाला सांग.” मग त्यांनी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून दिलं. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. असं गाऱ्हाणंही पवित्र शास्त्रात जपून ठेवलेलं आहे, हे मला माहीत नव्हतं.

निर्गमातली मान्न्याची गोष्ट मात्र आता मला अगदी घरची वाटते. रानात इस्राएल लोकांना माणशी एक माप मिळायचं, त्या दिवसापुरतं. कोणी उद्यासाठी राखलं तर त्यात किडे पडायचे. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. बाबांना दिवसाला ठरावीकच पाणी चालतं; मी सकाळी त्यांची पाण्याची बाटली खुणेपर्यंत भरते. औषधं, चहा, आमटी, सगळं त्यातूनच वजा व्हायचं. दुपारी त्यांचा घसा कोरडा पडतो, ते बाटलीकडे बघतात, मी उरलेल्या खुणेकडे बघते. पुढची पाच वर्षं कशी जातील याचा विचार आला की मला श्वास लागतो. आजची बाटली मात्र भरता येते. भरवसा म्हणतात तो माझ्या वाट्याला सध्या एवढाच आला आहे आणि तेवढा मी मनापासून धरला आहे.

अशा भरवशाची एक गोष्ट मावशींच्या घरातही आहे. त्यांची आजी १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात आलेली अनाथ मुलगी. त्यामुळे त्यांच्या घरी रमाबाईंचं नाव घरच्या माणसासारखं निघतं. अमेरिकेतल्या संस्थेनं दहा वर्षांसाठी कबूल केलेली मदत १८९८ मध्ये संपली. पुढे शेकडो मुलींचं जेवणखाण रमाबाईंनी प्रार्थनेच्या भरवशावर चालवलं, आणि त्याच हातांनी विहिरी खोदवल्या, शेती केली, छापखाना घातला. याच बाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतल्यावर, आईसारखी माया लावणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. पुरोहितांच्या जुन्या जोखडातून सुटले ती दुसरं जोखड मानेवर घ्यायला नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. मंडळी सांगते म्हणून नव्हे, शास्त्र वाचून पटेल ते मानेन. स्वतःला देवाच्या इतकं स्वाधीन करणारी बाई माणसांपुढे इतकी ताठ उभी राहते, हे वाचून मला मोठा आधार वाटला. १९२१ मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी, गेली. बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी त्याही दुःखात सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून आला. मनोरमेसाठी त्यांनी काय मागितलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मशीन बंद करायला सांगणारे पाहुणे परवा पुन्हा आले होते. मी त्यांना हिज्कीयाचा अध्याय वाचून दाखवला आणि बाबांसाठी प्रार्थना करायची विनंती केली. त्यांनी ती केली. पुढच्या गुरुवारी हबक्कूक वाचायचा आहे. तो संदेष्टा देवालाच विचारतो, किती दिवस हाक मारू आणि तू ऐकणार नाहीस? मग बुरुजावर उत्तराची वाट बघत उभा राहतो. मी माझे प्रश्न वहीत लिहून ठेवले आहेत, पगारवाढीचाही.