परत यायचं, पण कुठल्या गावी?

परदेशात राहणाऱ्या बाईला सगळे एकच प्रश्न विचारतात, "परत कधी येणार?" आणि येते म्हटले की लगेच दुसरा, "मग घर घेतलंत का?" या दोहोंच्या मधला जो खरा प्रश्न, परत यायचे ते कुठल्या गावी, तो कुणी विचारत नाही. जिथून गेलात तिथेच येणार, असे सगळ्यांनी धरलेलेच असते. पण अठरा वर्षांत ते गावही तसे राहिलेले नसते आणि आपणही.

आम्ही मस्कतला होतो. ह्यांची तिथे कारखान्यात नोकरी, लेक तिथल्या भारतीय शाळेत. माझे सासर सांगलीचे, माहेर नाशिकचे आणि बहीण दिली ठाण्याला. म्हणजे परत येतो म्हटल्याबरोबर तीन गावांनी तीन बाजूंनी ओढायला सुरुवात केली. बहीण म्हणे, "अगं, ठाण्याला काय नाही?" आई काही बोलत नसे, पण फोनवर नाशिकच्या हवेचे कौतुक हटकून करी. आणि ह्यांच्या मनात सांगलीच.

परत यायचे मुळात ठरले ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. सासूबाई एकट्या. शेजाऱ्यांनी त्यांना आपल्या माडीवर नेऊन ठेवले होते हे आम्हाला कळले तिसऱ्या दिवशी, कारण तोवर फोनच लागत नव्हता. ते तीन दिवस आम्ही मस्कतच्या घरात वातानुकूलित खोलीत बसून काढले. हे काही बोलले नाहीत. फोन लागल्यावर मात्र म्हणाले, "आता पुरे." पुढे करोना, मग कंपनीचा करार, असे करत २०२४ चा मार्च उजाडला, तो भाग वेगळा.

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ सांगलीलाच का नाही गेलात? ह्यांचे तेच म्हणणे होते. पण ह्यांच्या कामाला तिकडे जागा मिळेना, आणि बावन्नाव्या वर्षी घरी बसण्याइतकी शिल्लक आमच्यापाशी नाही. सासूबाईंनीच तो विषय मिटवला. "माझ्यापायी नोकरी सोडून येऊ नका," त्या फोनवर म्हणाल्या, "आणि मला इथून उचलून न्यायची भाषाही करू नका. दोन्ही नाही चालायचं." झाले! आता गाव शोधायचे ते असे, की त्या तिथेच राहतील आणि तरी आम्ही हाकेच्या अंतरावर असू.

तेव्हा मी एकच माप धरले. रात्री दोन वाजता सांगलीहून फोन आला, तर किती वेळात पोचू? या मापाने नाशिक गेले, आणि आईला ते सांगताना मला जड गेले, हे लपवत नाही. ठाणेही गेले. पुणे उरले. सातारा, कऱ्हाड, पेठ नाका करत गाडीने चार-साडेचार तास. शिवाय भोसरीला ह्यांना काम मिळण्याजोगे होते. लेकीची शाळा दिल्लीच्या केंद्रीय मंडळाची, त्याही शाळा पुण्यात पुष्कळ. तिथल्या भारतीय शाळांचे वर्षही आपल्यासारखेच एप्रिलला सुरू होते, म्हणून तिचे वर्ष बुडले नाही. आखातातून येणाऱ्यांनी मार्चअखेरचीच तारीख धरावी ती याचसाठी. एक मात्र ध्यानात ठेवा, २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्याच मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला आहे. घरी मराठी बोलणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या आपल्या मुलांची तिथे गाळण उडते. परत यायच्या वर्षभर आधी बाराखडी घोटून घ्या.

पुण्यातही मग तेच माप. नातलग म्हणत होते, ह्यांच्या नोकरीजवळ पिंपरीकडे घ्या. मी म्हटले, नको. तिथून आधी सगळे शहर ओलांडायचे आणि मग सांगलीची वाट धरायची! वारजे बाह्यवळण रस्त्याला लागून आहे, दहा मिनिटांत गाडी कात्रजकडे लागते. कोथरूडच्या शाळा जवळ. ह्यांना रोजची खेप लांब पडते, पण वनाजपासून मेट्रो आहे, न्यायालयापाशी बदलून नाशिक फाट्याला उतरता येते, तिथून कंपनीची बस. एकाला रोज त्रास आणि सगळ्यांना अडीनडीला सोय, असा हा सौदा. ह्यांनी तो न कुरकुरता पत्करला.

घर विकतच घ्या, भाडे म्हणजे पैसे पाण्यात, असे सांगणारे तुम्हालाही भेटतील. मी दोन वर्षे भाड्याचाच हट्ट धरला. अहो, ज्या शहरात राहूनच पाहिले नाही, तिथे आयुष्याची कमाई एकदम विटांत घालायची? मुलीला शाळा मानवते का, ह्यांची नोकरी टिकते का, सासूबाई किती दिवस एकट्या काढतील, यातले काहीच माहीत नव्हते. भाड्याचे घर सोडता येते. विकत घेतलेले आपल्याला सोडत नाही.

बरे, आलो आम्ही दोघीच. लेक आणि मी. ह्यांचा करार सप्टेंबरपर्यंत होता. आखातातल्या बहुतेक घरी असेच होते, बाई मुलांना घेऊन आधी येते. आणि इथे खरी परीक्षा! सात फ्लॅट पाहिले, त्यातल्या चार ठिकाणी पहिला प्रश्न हाच, "मिस्टर कुठे असतात?" एका गृहस्थांनी तर स्पष्ट सांगितले, "ते आल्यावर बघू." वय पंचेचाळीस, पदरात तेरा वर्षांची मुलगी, हातात भाडे, तरी मी एकटी म्हणजे जोखीम! मी वाद घातला नाही. आठव्या घरी मालकीणबाई स्वतः निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी विचारले, "पाणी जपून वापरता का?" म्हटले, हे आपले घर.

पण तिथेही मी एक गोष्ट सोडली नाही. करारावर दोघांची नावे. ह्यांचे एकट्याचे नाव घालून मोकळे होऊ, असे एजंट म्हणत होता. उद्या हे पुन्हा सहा महिन्यांसाठी तिकडे गेले, तर सोसायटीपुढे, मालकांपुढे, बँकेपुढे मी कोण? शिवाय इथे आल्या आल्या पत्त्याचा पुरावा सगळीकडे लागतो, आणि नोंदणी केलेला करार हा चांगला पुरावा आहे. त्यावर आपले नाव नसेल तर आपण घरात असून कागदावर नसतो. ह्यांची सही सुट्टीत आले तेव्हा आठवडाभरात उरकली. अंगठ्याचे यंत्र घेऊन माणूस घरीच येतो, आधार कार्ड तेवढे हाताशी हवे.

नोंदणीचे थोडे सविस्तर सांगते, कारण यात बायकांना गप्प बसवले जाते. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही," असे तुम्हाला छातीठोकपणे सांगतील. नोंदणीच्या १९०८ च्या जुन्या कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, तिथून ही अकरा महिन्यांची रीत पडली. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. जबाबदारी घरमालकाची. नोंदला नाही, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते, मालकाला ते खोटे ठरवावे लागते. तसाच दुसऱ्या बाजूचाही कडक नियम आहे. मुदत संपूनही घर सोडले नाही, तर दुप्पट भाडे द्यावे लागते.

आणि खर्च तरी किती? आमचे भाडे तीस हजार, मुदत चोवीस महिने, अनामत एक लाख. चोवीस महिन्यांचे भाडे सात लाख वीस हजार. अनामतीवर दरसाल दहा टक्के व्याज धरतात, दोन वर्षांचे ते वीस हजार. या सात लाख चाळीस हजारांवर शेकडा पाव टक्का मुद्रांक, म्हणजे अठराशे पन्नास रुपये. वर शहरातली नोंदणी फी एक हजार. एवढ्यासाठी कुणी नोंदणी टाळत असेल तर मनात पाल चुकचुकू द्या. घरमालक स्वतः परदेशात राहणारा असेल तर मात्र आधी जाणत्या माणसाला विचारा, कारण मग भाड्यातून आयकर कापून भरायची जबाबदारी आपल्यावर येते. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जी जादा आकारणी करते ती मालकाने द्यायची असते, तीही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त नाही. आमच्या सेक्रेटरींनी ती माझ्याकडे मागून पाहिली. मी गोड हसून मालकीणबाईंचा नंबर दिला.

सात घरांतले एक मला फार आवडले होते. सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नदीकाठी, स्वयंपाकघरातून पाणी दिसायचे. लेक तर नाचायलाच लागली. पण सांगलीची सून नदी पाहून भुलत नाही! मी विचारले, निळी रेषा कुठवर आहे? एजंटाला कळेचना. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांतल्या मोठ्या पुराची ती लाल. घर रेषेच्या आत की बाहेर, हे नदीकाठच्या गावात भाडेकरूनेही विचारावेच. शेजारच्या वाण्याला विचारले, तर तो भिंतीवरची खूण दाखवून मोकळा झाला. त्याच वर्षी २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडले आणि सिंहगड रस्त्यावरच्या वस्त्यांत शिरले. दूरदर्शन संचावर ते पाहताना लेक माझा हात धरून बसली होती.

घर पाहायला सकाळी आठच्या सुमारास जा, दुपारी चार वाजता नाही. सकाळी नळ, लिफ्ट, जिना, सगळ्यांचे खरे रूप कळते. पाणी महापालिकेचे, बोअरचे की टँकरचे, ते एजंटाला विचारू नका. इमारतीत कामाला येणाऱ्या बाईंना विचारा. मस्कतला समुद्राचे पाणी गोडे करून नळाला येते, त्याची सवय झालेल्या माझ्या लेकीला बोअरच्या पाण्याने केस धुणे पहिले महिनाभर जमले नाही. नळाच्या तोंडाशी पांढरा थर दिसला की समजावे. ओट्यावर मिक्सरला वेगळा प्लग आहे का, दोरीवर ऊन येते का, ताज्या रंगाखाली ओल दडली आहे का, हे आपल्यालाच दिसते, पुरुष हॉलची लांबी मोजत बसतात. आणि तिकडून विजेच्या वस्तू ढिगाने आणू नका. तिथल्या पिना चौकोनी पायांच्या, इथे एकूण एक बदलावी लागते.

सासूबाई पहिल्या पावसाळ्यात आल्या. आम्ही बोलावले म्हणून नव्हे हं. "पोरीला जोडाक्षरं येत नाहीत म्हणे," असे म्हणत एक पिशवी घेऊन आल्या आणि गणपती करूनच गेल्या. फ्लॅट पहिल्या मजल्यावरचा घेतला होता तो त्यांच्या गुडघ्यांसाठी, पण ते मी बोलले नाही. भाड्याचे घर आहे हे त्यांना आवडले. "तुमचं असतं तर कायमचं राहा म्हणाला असता," म्हणाल्या.

आता पावसाळ्याचे तीन महिने त्यांचा मुक्काम वारज्यात असतो. रोज सकाळी चहाच्या आधी नातीकडून मोबाइलवर आयर्विनची पातळी वाचून घेतात. आकडा मराठीत वाचायचा, अशी अट आहे. परवा ती "छत्तीस" न अडखळता म्हणाली.