पांढऱ्या वाटांवर सायकल

इटलीला गेलात, तर टस्कनीतल्या क्यांती भागात एक दिवस सायकलवर अवश्य काढा. डोंगरउतारांवर द्राक्षमळे, मधूनच सायप्रसची उंच झाडे आणि त्यांतून वळणे घेत जाणारे पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते. मोटारी अगदी तुरळक! या वाटांवर डांबर पडू लागले, तेव्हा त्या वाचवण्यासाठी १९९७ मध्ये गायोले गावातून ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. तिच्या मार्गावर आता कायमच्या पाट्या आहेत, त्यामुळे एरवीही जाता येते. चढ दमवतात, उतारावर खडी घसरते. म्हणून रुंद टायर घ्यावेत, ब्रेक जपून लावावा. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षतोडणीने मळे गजबजतात. अंगावर धूळ बसेल, पण ती झटकताना लक्षात ठेवा, या धुळीवर प्रेम करणाऱ्यांनीच हे रस्ते राखले आहेत.